शेवई घरी येण्याआधी

साताऱ्याच्या भाच्याचं ठरलंय, कुरळ्या केसांचं मांजर आणायचं. पिल्लू पुण्याहून येणार, दिवाळीनंतर. परवा फोन करून विचारतो, "मावशी, ब्रश कुठला घेऊ?" म्हटलं, ब्रश राहू दे, कापसाची गुंडाळी घे. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. आमची शेवई सांगलीत येऊन सहा वर्षं झाली. अंगावरच्या लाटा खाटेवर वाळत घातलेल्या शेवयांसारख्या, म्हणून हे नाव. या सहा वर्षांत तिच्या कुरळेपणाने मला कधी त्रास दिला नाही. दिला तो त्या केसांखालच्या कातडीने, कानांनी आणि एकदा कृष्णेच्या पाण्याने. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढते.

सगळ्यात आधी आपण कुठलं कुरळं मांजर आणतोय ते पक्कं करा, कारण विकणारा सगळ्यांनाच 'रेक्स' म्हणतो. कॉर्निश रेक्सचं मूळ इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचं, १९५० सालचं. डेव्हन रेक्स शेजारच्याच डेव्हनमधलं, १९६० चं. दोन्ही कुरळी, म्हणून लोकांनी त्यांची जोडी लावून पाहिली, तर पिल्लं सरळ केसांची निघाली. म्हणजे दोघांच्या कुरळेपणाची जनुकं वेगवेगळी. तिसरं सेलकर्क रेक्स, अमेरिकेतल्या मोंटानाचं, १९८७ चं. ते मेंढरासारखं दाट, गुबगुबीत. ही निवड निव्वळ हौसेची नाही, आजारही त्या-त्या घराण्याप्रमाणे येतात. सेलकर्कमध्ये पर्शियन रक्त मिसळलेलं असल्याने मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार येऊ शकतो. डेव्हनमध्ये स्नायूंच्या दुबळेपणाचा. शेवई डेव्हन आहे, त्यामुळे यापुढचं बरंचसं डेव्हनबद्दलच.

पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडे आई-बापाचे कागद मागा. वंशावळीचा रंगीत कागद सगळेच दाखवतात. आपल्याला हवेत ते तपासणीचे. डेव्हनच्या स्नायूंच्या आजाराची जनुकीय चाचणी होते, गालाच्या आतून काडी फिरवली की पुरतं. आई आणि बाप दोघांकडूनही ते बिघडलेलं जनुक आलं तरच पिल्लू आजारी पडतं. त्यामुळे दोघांपैकी एक जरी तपासून स्वच्छ निघाला असेल तरी या आजारापुरते तुम्ही सुटलात. कागद नसतील तर पिल्लू जेवताना बघा. मान खाली लोंबते, थोडं खेळलं की बसकण मारतं, पुढचे पाय ताटलीच्या काठावर टेकवून डोकं सावरतं, घास घशात अडकतो, असं काही दिसलं तर ते गोड दिसतंय म्हणून भुलू नका. अशा पिल्लाचा जीव बहुतेक वेळा घास श्वासनलिकेत जाऊनच जातो. आणि बारा आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडून आणू नका, विकणारा कितीही घाई करो.

एक भ्रम इथेच काढून टाकते. "केस कमी, म्हणून ॲलर्जी नाही" असं मलाही सांगून मांजर गळ्यात मारलं होतं. माणसाला शिंका येतात त्या मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीच्या तेलातल्या प्रथिनामुळे. केस नुसते ते वाहून नेतात. आमच्या दिरांना दमा आहे, ते अजूनही आमच्या सोप्यात दहा मिनिटांच्या वर बसत नाहीत. घरात कुणाला त्रास असेल तर त्यालाच घेऊन पिल्लू बघायला जा आणि तासभर तिथे बसवा.

आता घर. नेहमीच्या मांजराला वरचे जाड राखण केस असतात, ते थंडी आणि ऊन अडवतात. डेव्हनमध्ये ते विरळ किंवा मोडके, मिशासुद्धा तुटक्या. त्यामुळे साताऱ्याच्या थंडीत पिल्लाला उबदार जागा हवी. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनी लोकरीची शाल घातली तरी चालेल, पण खोकं जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवा. सांगलीत उलटं. एप्रिल-मे मध्ये दुपारी गच्चीचं दार बंद म्हणजे बंद. कातडी भाजते. तरी ही ऊब शोधणारच. शेवईची हिवाळ्यातली जागा म्हणजे इन्व्हर्टरचं खोकं, नाहीतर माझी मान. उड्या मारण्यात यांचा हात कुणी धरणार नाही, म्हणून खिडक्यांना जाळी, आणि गॅसच्या ओट्यावर उघडं दूध ठेवायची सवय आजपासून सोडा.

दुधावरून आठवलं, दूध-चपातीवर हे मांजर वाढणार नाही. खरं तर कुठलंच वाढत नाही, गावातली मांजरं उंदीर मारून भरून काढतात एवढंच. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं आणि ते मांसातच मिळतं. ते कमी पडलं तर हृदय कमजोर होतं, नजर जाते. घर शाकाहारी असेल तर तयार कोरडं आणि ओलं खाणं आणा, पण मांजराला शाकाहारी करायला जाऊ नका. अंगाची उष्णता चटकन जात असल्याने यांना भूकही जास्त. जुनं खाणं विकणाऱ्याकडून आठ दिवसांचं मागून घ्या आणि नवीन त्यात हळूहळू मिसळा.

आता कापूस. साध्या मांजराच्या कातडीचं तेल केसांवरून पसरून जातं. यांच्याकडे पसरायला केसच थोडे, म्हणून ते कातडीवर साचतं. साचलं की त्यात यीस्ट माजतं, आणि खाज, लाली, खवट वास सुरू. पहिल्या वर्षी मला वाटायचं शेवई बागेतल्या मातीत खेळून येते, कारण तिच्या नखांच्या मुळाशी तपकिरी चिकट थर असायचा. पंजा दाबून नख बाहेर काढलं, ओल्या कापसाने पुसलं, तर कापसावर माती नव्हती, गुळाच्या पाकासारखं काहीतरी होतं. तेव्हा कुठे कळलं. आता दर रविवारी नखांची मुळं, काखा आणि जांघा पुसते. कानही तसेच, मोठे आणि मळ भराभर धरणारे. डॉक्टरांनी दिलेलं कान धुण्याचं औषध कापसावर घ्यायचं आणि दिसतं तेवढंच पुसायचं. कानकाडी आत घालायची नाही. मळ काळा आणि कॉफीच्या चुऱ्यासारखा असेल तर ते गोचीडवर्गी किडे असू शकतात, तेव्हा पुसत न बसता दाखवा.

अंघोळ दोन-तीन आठवड्यांनी, अंग तेलकट लागलं तर. पाणी कोमट, परातीत दोन बोटं, शांपू मांजराचाच. नंतर सुती पंचाने दाबून टिपायचं, घासायचं नाही, कारण हे केस तुटतात आणि परत यायला वेळ लावतात. आणि हो, ब्रश. डेव्हनला लागत नाही, हात फिरवला तरी बास. सेलकर्क असेल तर रुंद दातांचा कंगवा, आठवड्यातून एकदा. रोज विंचराल तर कुरळेपणाच उकलून जाईल.

डॉक्टर आधी शोधून ठेवा, मांजर नंतर. आपल्याकडचे बरेच डॉक्टर गाई-म्हशींत मुरलेले. हाताला गुण असतो, पण कुरळं मांजर त्यांच्यापुढे वर्षातून एखादंच येतं. म्हणून पहिल्या भेटीलाच काही गोष्टी आपण बोलायच्या. लसी आठव्या-नवव्या आठवड्यापासून सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्यापर्यंत. रेबीजची बाराव्यानंतर. किती झाल्या ते विकणाऱ्याच्या तोंडी हिशेबावर सोडू नका, लसीच्या बाटलीची चिकटपट्टी लावलेलं पुस्तक बघा. गुडघ्याची वाटी सरकते का ते हाताने तपासून घ्या. चालता चालता मागचा एक पाय मधेच उचलून उडी घेत असेल तर ते असू शकतं. काही डेव्हन मांजरांत रक्त गोठायला उशीर लागतो, तेव्हा नसबंदीआधी ही आठवण डॉक्टरांना करून द्या.

हृदयाचं थोडं सविस्तर सांगते. या जातींतल्या काही मांजरांत हृदयाच्या स्नायूची भिंत जाड होत जाते. मेन कूनसारख्या जातीत त्याची जनुकीय चाचणी निघाली आहे, डेव्हनला ती उपयोगाची नाही. त्यामुळे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करणं हाच मार्ग. मांजराचा इको करणारे सगळीकडे नसतात. मी पुण्याला नेलं. भाच्याला सांगितलंय, शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय त्याच्याच जिल्ह्यात, पुण्याच्या वाटेवर आहे, आधी तिथे फोन कर. घरच्या घरी करायचं काम सोपं आहे. गाढ झोपलेली असताना पोटाची वरखाली मोजायची, एक मिनिट. तिसाच्या आत असेल तर ठीक. रोज तिसाच्या वर जाऊ लागली, किंवा तोंड उघडून धापा टाकायला लागली, की दवाखाना. अचानक किंचाळून मागचे पाय ओढू लागली आणि पंजे गार लागले, तर ती रक्ताची गुठळी. तेव्हा कुणाला विचारत बसू नका, तडक निघा.

रक्तगटाचं तर मला तीन वर्षांनी कळलं. मांजरांत ए, बी आणि क्वचित एबी. बहुतेक मांजरं ए. डेव्हन आणि कॉर्निशमध्ये मात्र बी बरीच निघतात. बी गटाच्या मांजरात ए विरुद्धची प्रतिद्रव्यं जन्मजातच असतात म्हणा ना, त्यामुळे शेजारच्या घरच्या ए बोक्याचं थोडं रक्त चढवलं तरी जीव जाऊ शकतो, अगदी पहिल्यांदाच चढवलं तरी. म्हणून गट आधीच तपासून लिहून ठेवा. शेवई बी आहे.

घरातल्या औषधांच्या डब्यावर आजच चिठ्ठी लावा. पॅरासिटामॉल मांजराला विष, अर्धी गोळीसुद्धा. फिनाईलने पुसलेल्या फरशीवरून चालून ती पंजे चाटते, तेव्हा फिनाईल बंद. कुत्र्याचे गोचिडांचे थेंब मांजराला कधीच नाही, त्यांतल्या पर्मेथ्रिनने मांजराला झटके येतात. एका दुकानदाराने मला "कुत्र्याचंच लावा, निम्मं" म्हणून तीच कुपी दिली होती. घरी येऊन चष्मा लावून वाचलं म्हणून वाचलो. हळदीचं मात्र हसू येतं. ओरखडा दिसला म्हणून जाऊबाईंनी चमचाभर थापली, सांगलीचीच, पेठेतली अस्सल. काही बिघडलं नाही, पण शेवई पंधरा दिवस पिवळी होती आणि सोबत दोन उशांचे अभ्रेही.

शेवटची वस्तू सांगलीकरांसाठी, आणि नदीकाठी राहणाऱ्या कुणाहीसाठी. आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ आहे. २०२१ च्या जुलैत आम्ही सामान वर चढवलं, कागद पिशवीत भरले, आणि शेवईचा पिंजरा कोनाड्यातून काढला तर ती बघूनच माळ्यावर पसार. वर्षभर तो पिंजरा तिने फक्त इंजेक्शनच्या दिवशी पाहिलेला. मिस्टर शिडीवर, मी खाली पदर पसरून, आणि गल्लीच्या तोंडाशी पाणी. पाऊण तासाने सुक्या बांगड्याच्या तुकड्याला भुलून खाली आली. तेव्हापासून पिंजरा दार काढून बाहेरच्या खोलीत कायम उघडा असतो, आत जुनी गोधडी, आणि ती तिथेच झोपते. दार बाजूला खिळ्याला टांगलेलं. पिंजऱ्याच्या छताला आतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक कार्ड चिकटवलंय: नाव शेवई, डेव्हन रेक्स, रक्तगट बी, रेबीजची तारीख, डॉक्टरांचा नंबर, आणि खाली लाल शाईने, "ए गटाचं रक्त देऊ नये."

भाच्याला म्हटलं, पिल्लू यायच्या आधी कार्ड लिही. गटाची जागा रिकामी ठेव.