फोलेगांद्रोस: छोट्या, शांत ग्रीक बेटावर कसं जावं

सांतोरिनीच्या गर्दीत सूर्यास्तासाठी जागा धरून बसायची हौस नसेल, तर त्याच सिक्लाडीस द्वीपसमूहातलं फोलेगांद्रोस बघा. जेमतेम ३२ चौरस किलोमीटरचं बेट, वस्ती हजाराच्या आत. विमानतळ नाही, आणि ते शांत राहिलंय यात त्याचा मोठा वाटा आहे. जायला फक्त बोट, आणि बोट सुटणं वाऱ्यावर अवलंबून. म्हणून इथली आखणी हॉटेलपासून नाही, बोटीपासून सुरू करायची.

१. आधी महिना ठरवा

मे अखेर ते जून, नाहीतर सप्टेंबर. पोहायचं असेल तर सप्टेंबरच, कारण मे महिन्यात पाणी अजून गार असतं. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा सुटतो. गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँच पावसाळ्यात बंद का, हे आपल्याला आभाळाकडे बघून कळतं. इथे आभाळ निरभ्र, ऊन लख्ख आणि तरीही बोटी बंद! वारा ८ बोफर्टपर्यंत (बोफर्ट हे वाऱ्याचा जोर मोजायचं माप) गेला की बंदराचे अधिकारी बोटी सोडत नाहीत. वेगवान बोटी त्याच्याही आधी रद्द होतात. १५ ऑगस्टला मेरीमातेचा मोठा सण असतो. त्या सुमारास ग्रीक लोक स्वतःच बेटांवर जातात आणि खोल्या मिळत नाहीत. ऑक्टोबर सरला की बरीच हॉटेलं आणि खाणावळी कुलूप लावतात.

२. व्हिसा

शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. युरोपात इतरत्रही जाणार असाल तर ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे अर्ज करायचा. हॉटेलं रद्द करता येण्याजोगीच घ्या.

३. बोटीचं तिकीट

अथेन्सच्या विमानतळावरून पिरेअस बंदरापर्यंत थेट मेट्रो आहे, साधारण तासाभराची. मात्र बंदर अवाढव्य आहे. बोट कुठल्या गेटवरून सुटणार हे आधी पाहून ठेवा आणि तासभर हाताशी ठेवा. वेगवान बोट चार-पाच तासांत पोचवते, पण आत कोंडून बसावं लागतं आणि लाटांवर आपटते. मी साधी मोठी बोट सुचवेन. वेळ जवळपास दुप्पट लागतो, पण डेकवर मोकळं बसता येतं, तिकीट स्वस्त, आणि वारा असला तरी ती सुटण्याची शक्यता जास्त. दोन्ही बोटी रोज असतीलच असं नाही. बिगरहंगामात आठवड्यातले मोजकेच दिवस असतात.

सामान खालच्या गाड्यांच्या मजल्यावर ठेवायचं असतं. तिथल्या रॅकवर बेटांची नावं लिहिलेली असतात. आपलं बेट बघून बॅग ठेवा. उतरायची घोषणा झाली की लगेच खाली जा. छोट्या बेटांवर बोट काही मिनिटंच थांबते, मागचा रॅम्प पडतो, माणसं-गाड्या उतरतात आणि बोट निघतेसुद्धा. पंधरा किलोंच्या वरची बॅग इथे शिक्षाच आहे.

४. मुक्काम होरामध्ये

बंदराचं गाव कारावोस्तासिस. तिथून तीनेक किलोमीटरवर, सुमारे २०० मीटर उंच कड्याच्या टोकाला होरा, म्हणजे बेटाचं मुख्य गाव. बोटीच्या वेळा धरून बस असते. समुद्रकिनाराच हवा असेल तर बंदरात राहा, पण संध्याकाळ घालवायला होराच खरं. चौकाला लागून दुसरा चौक, झाडांखाली टेबलं, आणि मधल्या भागात गाड्यांना मज्जाव. शेजारचं कास्त्रो, म्हणजे किल्लेवजा जुनी वस्ती, व्हेनिशियन काळातलं. चाच्यांच्या भीतीने घरं अशी चिकटून बांधली की त्यांच्या बाहेरच्या भिंतीच तटबंदी झाल्या. त्यांत आजही लोक राहतात, तेव्हा दारात डोकावू नका. दुपारी साधारण ३ ते ५.३० ही वामकुक्षीची वेळ. तेव्हा मोठ्याने बोलणं लोकांना खटकतं.

किमान चार रात्री ठेवा. दोनच ठेवल्या आणि एक वाऱ्याने खाल्ली तर हाती काही उरत नाही.

५. दिवस कसे घालवायचे

होरातून नागमोडी पांढरी वाट पानाग्यीया चर्चपर्यंत चढते, वीसेक मिनिटांची. सूर्यास्ताच्या जरा आधी निघा. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घाला.

एक दिवस बसने आनो मेरियाला जा. डोंगराच्या कण्यावर विखुरलेलं शेतकऱ्यांचं गाव आहे. चुन्या-मातीविना रचलेले दगडी बांध, धान्य मळायची गोल खळी, आणि एकेका लिंबाच्या झाडाभोवती वाऱ्यापासून आडोसा म्हणून बांधलेली गोल भिंत. ती बघितल्यावर मेल्तेमी काय चीज आहे ते कळतं.

पोहण्यासाठी आगालीला बस जाते. कातेर्गोचा किनारा सर्वांत देखणा, पण तिथे सावली नाही, दुकान नाही. कारावोस्तासिसहून छोटी बोट मिळते. पाणी आणि टोपी सोबत घ्या. त्या दिवशी उत्तरेचा वारा जोरात असेल तर नाद सोडा.

६. जेवण, विशेषतः शाकाहारींसाठी

इथली खासियत मात्साता, हाताने केलेला ताजा पास्ता. तो सहसा सशाच्या किंवा कोंबड्याच्या रश्शाबरोबर येतो. नुसत्या टोमॅटोबरोबर मागता येतो. ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपासाचं मिळेल का असं विचारलंत तर मांस, दूध, अंडी वगळली जातात, पण सावध राहा: त्यांच्या उपासाला कोळंबी आणि माकूळ चालतं! शाकाहारींनी फावा (पिवळ्या डाळीचं घट्ट वरण), जिगांदेस हा मोठ्या घेवड्याचा पदार्थ किंवा भाज्यांचं ब्रियाम मागावं. भरलेल्या टोमॅटोत कधीकधी खिमा असतो, तेव्हा विचारून घ्या. रात्री नऊच्या आधी खाणावळी रिकाम्याच असतात.

७. परतताना

मायदेशीच्या विमानाच्या दिवशी बेटावरून निघू नका. आदली रात्र अथेन्समध्ये काढा, जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो दोन. हवामानामुळे बोट रद्द झाली तर कंपनी पुढच्या बोटीत जागा देते किंवा पैसे परत करते. चुकलेल्या विमानाचे पैसे मात्र ती देत नाही.