क्लब पीएसआरमध्ये अडकणार का, हे मोबाइलवर कसं काढायचं

फुटबॉलची ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू घेण्या-विकण्याचा काळ, उघडली की आपल्या सोलापूरच्या ग्रुपवर रोज तेच, "एवढे पैसे उधळले, आता पॉइंट कापणार बघ". पार्क चौकात चहा घेताना पण हाच विषय. अन् निम्म्याहून जास्त वाद चुकीच्या आकड्यावर चाललेला असतो, कारण सगळे बघतात ट्रान्सफर फी, आणि पीएसआर, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या फुटबॉल लीगचा, प्रीमियर लीगचा, क्लबच्या तोट्यावर मर्यादा घालणारा नियम, बघतो तोटा. हिशोब मांडायला अवघड काहीच नाही, एकदा जमलं की बऱ्यापैकी अंदाज येतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी मर्यादा बघा. प्रीमियर लीगच्या पीएसआरमध्ये तीन सीझनचा मिळून १०५ मिलियन पाउंडपर्यंत तोटा चालतो, म्हणजे वर्षाला ३५. पण हे १०५ तेव्हाच, जेव्हा मालक स्वतःच्या खिशातून भांडवल घालतो, नाहीतर तीन वर्षांचे मिळून फक्त १५. आणि तीनपैकी जे वर्ष क्लब खालच्या चॅम्पियनशिपमध्ये होता त्याचे ३५ नाही, १३ धरायचे, हे लोक हमखास विसरतात. नॉटिंगहॅम फॉरेस्टचं तेच झालं, २०२२-२३ पर्यंतच्या तीन वर्षांत दोन वर्षं खाली होते, म्हणून त्यांची मर्यादा १३ अधिक १३ अधिक ३५, म्हणजे ६१. तोटा त्याच्यावर ३४.५ मिलियनने गेला आणि मार्च २०२४ मध्ये ४ पॉइंट गेले.

आता आकडे कुठून आणायचे? इंग्लंडमध्ये कंपन्यांचे हिशोब कंपनीज हाउस नावाच्या सरकारी साइटवर फुकट मिळतात. क्लबचं नाव टाका, फायलिंग हिस्टरीत जा, वर्षाचे अकाउंट्स पीडीएफ डाउनलोड करा. बहुतेक क्लबांचं वर्ष जूनअखेर संपतं आणि हिशोब भरायला नऊ महिने असतात, म्हणून मार्चच्या शेवटी भराभर येतात. त्यात चार आकडे शोधायचे: करापूर्वीचा नफा-तोटा, पगार, अ‍ॅमॉर्टायझेशन, आणि खेळाडू विकून झालेला नफा. अशी तीन वर्षं काढून एका कागदावर शेजारी शेजारी मांडा.

सगळी मेख अ‍ॅमॉर्टायझेशनमध्ये आहे, इथे जरा थांबून वाचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलवाल्याने नवा लूम घेतला तर सीए त्याची पूर्ण किंमत एकाच वर्षाच्या खर्चात टाकत नाही, लूम जितकी वर्षं चालणार तितक्या वर्षांत घसारा लावतो, तसंच खेळाडूच्या फीचं, ती कॉन्ट्रॅक्टच्या वर्षांत वाटली जाते. चेल्सीने एन्झो फर्नांडिसला १०६.८ मिलियनला घेतला, कॉन्ट्रॅक्ट साडेआठ वर्षांचं, म्हणजे वर्षाचा बोजा साधारण १२.५ मिलियन. तोच पाच वर्षांवर असता तर २१ च्या वर गेला असता. म्हणून तर युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, २०२३ मध्ये आणि मग प्रीमियर लीगने पण ठरवलं की कॉन्ट्रॅक्ट कितीही लांब असू दे, फी जास्तीत जास्त पाच वर्षांतच वाटायची.

विक्रीचं गणित याच्या उलट, आणि लोक सगळ्यात जास्त इथे फसतात. समजा खेळाडू ५० ला घेतला, पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, तीन वर्षांनी ३० ला विकला. आपण म्हणणार २० बुडाले. पण वहीत त्याची किंमत उरली होती २०, म्हणजे क्लबने १० चा नफा दाखवला, आणि तो सगळा त्याच वर्षी. आता अकॅडमीतल्या पोराचा विचार करा, त्याची वहीतली किंमत जवळपास शून्य, त्यामुळे जेवढ्याला विकला तेवढा पूर्ण नफा.

मला या नियमातलं हेच सगळ्यात जास्त लागतं. न्यूकासलने जून २०२४ मध्ये इलियट अँडरसनला सोडला, अकॅडमीत वाढलेला तिथलाच पोरगा, तो कुणाला नकोसा झाला होता असं नाही, ३० जूनच्या आत हिशोब बसवायचा होता म्हणून. ज्या पोराकडे बघून गल्लीतली लहान मुलं क्लबवर जीव टाकतात त्यालाच विकणं सगळ्यात फायद्याचं ठरतं, हे बदललंच पाहिजे. पण म्हणून नियमच नको असं म्हणू नका. पोर्ट्समथ आठवा, २०१० मध्ये प्रीमियर लीगमध्ये असतानाच दिवाळखोरीत गेला, ९ पॉइंट गेले, खाली घसरत २०१३ ला चौथ्या डिव्हिजनला पोचला आणि शेवटी सपोर्टर लोकांनीच पैसे गोळा करून क्लब ताब्यात घेतला. पैसे उडवणारे निघून गेले होते, भोगलं स्टँडमधल्यांनी.

तारीख पण बघत जा. फॉरेस्टने ब्रेनन जॉन्सनला टॉटनहॅमला ४७.५ मिलियनला विकला, पण १ सप्टेंबर २०२३ ला, तोवर हिशोबाचं वर्ष संपून दोन महिने झाले होते. थांबलो म्हणून जास्त भाव मिळाला हे त्यांचं म्हणणं, ते चाललं नाही. म्हणून जूनच्या शेवटच्या आठवड्यात अकॅडमीचे खेळाडू इकडून तिकडे जाताना दिसले की कुणाची मान अडकलीय ते ओळखायचं.

तोट्याचा जो आकडा आला तो तसाच धरू नका. अकॅडमी, महिला टीम, समाजकार्य आणि स्टेडियम-ट्रेनिंग ग्राउंडचा घसारा, हे खर्च त्यातून वजा होतात. अकाउंट्समध्ये ते नेहमी सुटे दिलेले नसतात, त्यामुळे इथे तुमचा अंदाजच राहणार, ठाम बोलू नका. पण काय वजा होतं आणि काय नाही यावर केस फिरते. एव्हर्टनचा वाद बराचसा स्टेडियमच्या कर्जाच्या व्याजावर होता, ते धरून १२४.५ मिलियन तोटा निघाला, मर्यादेपेक्षा १९.५ जास्त, नोव्हेंबर २०२३ ला १० पॉइंट कापले, अपिलात ६ झाले, आणि पुढच्या वर्षाच्या हिशोबाचे एप्रिल २०२४ मध्ये आणखी २ गेले.

युरोपात खेळणाऱ्या क्लबचा हिशोब वेगळा मांडा, एक पास म्हणजे दुसरा पास असं नाही. चेल्सीने दोन हॉटेलं आपल्याच ग्रुपच्या कंपनीला ७६.५ मिलियनला विकली, प्रीमियर लीगला ते चाललं, युएफाने असलं उत्पन्न धरलं नाही आणि जुलै २०२५ मध्ये दंड लावला. युएफाकडे खेळाडू आणि कोचचे पगार, अ‍ॅमॉर्टायझेशन, एजंटची फी हे सगळं मिळून उत्पन्नाच्या ७० टक्क्यांत बसावं लागतं. प्रीमियर लीग पण २०२६-२७ पासून पीएसआर सोडून याच पद्धतीवर येतेय, तिथे मर्यादा ८५ टक्के. तेव्हा तुमच्या कागदावर पाचवा आकडा म्हणून क्लबचं एकूण उत्पन्न आत्तापासूनच लिहीत चला, मागची तीन वर्षं पण भरून ठेवा.