जुनी अमेरिकन पिकअप घ्यायचीय? आधी आरसी बुक बघा

ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत राहून जुनी शेवरोले, फोर्ड किंवा डॉज पिकअप घ्यायची असेल तर गाडी बघायला धावू नका, आधी आरसी बुकचा फोटो मागवा. २०२१ च्या व्हिंटेज नियमात, म्हणजे जुन्या गाड्यांच्या खास नोंदणीत, बसायला गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांच्या वरची, धंद्यात न चालणारी आणि मूळ चेसिस, बॉडी, इंजिनची लागते, आणि पिकअप तर मालवाहू म्हणून पास झालेली असू शकते. म्हणून आरसीवर वर्ग काय लिहिलाय ते घेऊन आरटीओत जा, एमएच-०४ असो की एमएच-४३, ही व्हिंटेजमध्ये बसेल का विचारा आणि मगच टोकन द्या. नवीन व्हीए नंबरला, म्हणजे व्हिंटेजच्या नंबर प्लेटला, २० हजार फी, मुदत १० वर्षं, पण रोज पाम बीच रोडवर फिरवायला नाही हां, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच.

स्टेअरिंग कुठल्या बाजूला ते बघा. शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून शिवडीला होता, डॉज आणि फार्गो प्रीमियरवाले कुर्ल्याला जोडायचे, त्यामुळे उजव्या स्टेअरिंगच्या गाड्या इथे मिळतात. डावं असेल तर गाडी बहुधा बाहेरून आणलेली, कस्टमचे कागद मागाच.

आता पत्रा, इथे अजिबात घाई नको. आपल्याकडे खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, वरून रंग चकाचक असतो नि आत लांबी (पुट्टी) भरलेली असते. कपड्यात गुंडाळलेलं मॅग्नेट घेऊन जा, केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालची पट्टी, फूटबोर्डाचे जोड, सगळीकडे लावून बघा, चिकटत नसेल तिथे पत्रा गेलाय. फ्लोअरची मॅट उचलायला सांगा, मालक नको म्हणाला तर मी तरी ती गाडी सोडून देईन. खाली झोपून टॉर्चने केबिन जिथे चेसिसवर बसते ती जागा बघा, तिथला गंज काढायचा म्हणजे अख्खी केबिन उचलावी लागते.

इंजिन डिझेलचं बसवलंय का बघा, तसं असेल तर व्हिंटेज विसरा. १९५३ पर्यंतच्या शेवरोलेत २१६ (घनइंचाचं) इंजिन असेल तर कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग ओतीव, म्हणजे धातू वितळवून रॉडमध्येच ओतलेले असतात, बाजारातले तयार शेल बसत नाहीत, म्हणून इंजिन गरम करून रेस देऊन सोडा आणि खालून ठकठक येते का नीट ऐका. पेट्रोलचे जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा बदलूनच घ्या, आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने ते खराब होतात.

सौदा झाला तरी चालवत घरी आणू नका, फ्लॅटबेड बोलवा. यातल्या बऱ्याच गाड्यांत चारी चाकांना ड्रम ब्रेक आणि ब्रेकची लाइन एकच, एका चाकाचा सिलिंडर गळला की पेडल थेट खाली जातं, आणि घोडबंदरच्या उतारावर ते कळून उपयोग नाही.