घरी ऑक्सिजन कसा मोजावा: ऑक्सिमीटर, सहा मिनिटांचे चालणे आणि पालथे झोपणे

कोविडच्या रुग्णाचा ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात. फुप्फुस बिघडू लागते ते मात्र बहुतेकदा लक्षणे सुरू झाल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसांत. सुजेमुळे वायुकोशांत पाणी साचते आणि रक्तात ऑक्सिजन कमी उतरतो, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतच राहतो. धाप लागल्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर होते. त्यामुळे ऑक्सिजन ८८ टक्क्यांपर्यंत उतरलेला माणूसही चहा पीत गप्पा मारताना दिसू शकतो. "बरं वाटतंय ना?" एवढे विचारून भागत नाही, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने मोजावेच लागते.

आधी बोटाचे नेलपॉलिश काढा. नखावर मेंदी असेल तर बिनमेंदीचे बोट घ्या. हात गार असतील तर चोळून गरम करा, कारण गार बोटात रक्त कमी फिरते आणि आकडा खोटा खाली दिसतो. रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवा. तर्जनी किंवा मधले बोट, नख वर ठेवून, ऑक्सिमीटरमध्ये शेवटपर्यंत सरकवा. हात टेबलावर टेकलेला हवा, बोलायचे नाही. सुरुवातीला आकडे नाचतात, ते सोडून द्या. साधारण मिनिटभराने स्थिरावलेला आकडा वेळेसकट वहीत लिहा. पडद्यावर दोन आकडे असतात. ऑक्सिजनच्या आकड्यापुढे टक्क्याची खूण किंवा 'एसपीओटू' असे असते, दुसरा नाडीचा. घाईत नाडीचे ९८ ऑक्सिजन म्हणून वाचले जातात, आणि ही चूक महागात पडते.

दर सहा तासांनी मोजा. सावळ्या त्वचेवर यंत्र खऱ्यापेक्षा थोडे जास्त दाखवू शकते, म्हणून एकट्या आकड्यापेक्षा उतरती रांग महत्त्वाची: ९८, ९७, ९५ असे दिसले तर डॉक्टरांना तेव्हाच कळवा.

बसून आकडा ९४ च्या वर असेल तर चालण्याची चाचणी करा. ऑक्सिमीटर बोटाला लावून घरातल्या सपाट फरशीवर सहा मिनिटे नेहमीच्या चालीने चालायचे, जिने नकोत. साठीपुढच्यांना तीन मिनिटे पुरेत. दमा किंवा हृदयविकार असेल तर ही चाचणी घरी करू नका. आकडा ९३ खाली गेला, तीन किंवा जास्त अंकांनी उतरला किंवा गरगरले, तर थांबा आणि रुग्णालय गाठा.

बसल्या जागी ९४ किंवा कमी आले तर डॉक्टरांना फोन करा आणि रुग्णालयात खाट मिळेपर्यंत रुग्णाला पालथे झोपवा. फुप्फुसाचा मागचा भाग मोकळा होऊन श्वास चांगला भरतो. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. अर्धा ते दोन तासांनी कूस बदला. जेवणानंतर तासभर, गरोदरपणात, गंभीर हृदयविकारात किंवा मणका-कंबर-मांडीचे हाड मोडले असल्यास पालथे झोपवू नका.

स्टेरॉइड मात्र शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून सुरू करू नका. २०२० च्या 'रिकव्हरी' या ब्रिटनमधल्या औषध-चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना झाला. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना झाला नाही. शिवाय त्याने साखर वाढते, आणि मधुमेह्याला म्युकरमायकोसिसचा, म्हणजे काळ्या बुरशीच्या संसर्गाचा, धोका असतो.

ओठ निळसर पडले, बोलणे असंबद्ध झाले किंवा छातीत सतत दुखले, तर ऑक्सिमीटर शोधत बसू नका, लगेच १०८ ला फोन लावा. पालथे झोपून आकडा ९५ वर आला तरीही रुग्णालयात जायचेच आहे. निघताना ती वही सोबत घ्या.