विशेषणं खोडल्यावर: अमेरिकेत माध्यम-धोरणाचं काम शिकताना

वॉशिंग्टनमधल्या एका लहानशा नागरी हक्क संस्थेत मी इंटर्न म्हणून लागले आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या मसुद्यातली झाडून सगळी विशेषणं खोडली गेली. गरीब घरांना इंटरनेटच्या बिलात सवलत देणाऱ्या योजनेबद्दल एफसीसीला, म्हणजे तिथल्या केंद्रीय दळणवळण आयोगाला, निवेदन पाठवायचं होतं. मी तळमळून लिहिलं होतं: कृष्णवर्णीय वस्त्यांवर घोर अन्याय, भीषण दरी. कागद परत आला तेव्हा समासात तीनच प्रश्न होते. किती जण? कोणत्या दिवशी? रिकाम्या हाताने परत का गेले?

ते लिहिणाऱ्या माझ्या वरिष्ठ म्हणजे मिसिसिपीतल्या जॅक्सनच्या, साठीच्या कृष्णवर्णीय बाई. ऑफिसात सगळे त्यांना नुसत्या नावाने हाक मारत. माझी जीभ वळेना. मी मनातल्या मनात ‘बाई’च म्हणायचे. त्यांनी मला आधी वाचायला दिला तो त्यांच्या गावच्या टीव्ही केंद्राचा खटला. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असं मला मनापासून वाटतं.

केंद्राचं नाव डब्ल्यूएलबीटी. त्याच्या टापूत ४० टक्क्यांहून अधिक लोक कृष्णवर्णीय, पण पडद्यावर त्यांना जागा नाही. १९५५ मध्ये राष्ट्रीय वाहिनीवर नागरी हक्कांचे कृष्णवर्णीय वकील थरगुड मार्शल बोलू लागले, तेव्हा केंद्राने ‘केबलमध्ये बिघाड’ अशी पाटी लावून कार्यक्रम तोडला. मार्च १९६४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या ख्रिस्ती पंथाच्या एव्हरेट पार्कर यांनी स्वयंसेवक तयार केले. त्यांनी आठवडाभर केंद्राचे कार्यक्रम पाहून काय दाखवलं जातं ते टिपलं. गोऱ्या माणसाला ‘मिस्टर’ आणि ‘मिसेस’, काळ्या माणसाला मात्र नुसतं नाव, हाही केंद्राच्या परवान्याविरुद्ध एफसीसीकडे केलेल्या तक्रारीतला एक मुद्दा होता. (हे वाचल्यावर बाईंना नावाने हाक मारणं मला आणखीच जड गेलं.) एफसीसी म्हणाली, प्रेक्षकांना इथे दाद मागायचा अधिकार नाही, ज्याचं आर्थिक नुकसान होतं किंवा ज्याच्या प्रक्षेपणात अडथळा येतो त्यालाच तो आहे. १९६६ मध्ये अपील न्यायालयाने हे फिरवलं आणि केंद्राला मिळालेला परवानाही १९६९ मध्ये रद्द ठरवला.

म्हणजे त्या लढ्याच्या मुळाशी होत्या आठवडाभराच्या नोंदी. नोंद नसली की काय होतं, तेही पाहा. वृत्तपत्र आणि टीव्ही केंद्र एकाच मालकाकडे असू नये, अशा जातीचे मालकीचे नियम एफसीसीने सैल केले. अल्पसंख्याकांच्या आणि स्त्रियांच्या मालकीवर याचा काय परिणाम होईल, हा वाद वर्षानुवर्षं न्यायालयात चालला. भक्कम आकडेवारी कोणाकडेच नव्हती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने आयोगाच्या बाजूने निकाल दिला: हाती असलेल्या माहितीवरून त्यांनी बांधलेला अंदाज वाजवी आहे. मला हा निकाल अजूनही बोचतो.

तर बाईंचे तीन प्रश्न घेऊन मी मेरीलँडच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीतल्या एका सार्वजनिक वाचनालयात शनिवारी-शनिवारी बसू लागले. निवेदन ज्या सवलतीच्या योजनेबद्दल होतं तिचं नाव एसीपी. महिन्याला ३० डॉलरपर्यंत सवलत, आदिवासींच्या राखीव भूमीवर ७५. लोक फॉर्म भरायला येत, मी वहीत रकाने आखून टिपत असे. ऑफिसात बसून मला वाटलं होतं, लोकांना योजना माहीतच नसेल. वहीत सगळ्यात भराभर भरला तो वेगळाच रकाना: ‘त्याच पत्त्यावर दुसरं कुटुंब’. एका घरात आजी, लेक आणि भाडेकरू. सवलत कुटुंबाला एकच, म्हणून आपला संसार वेगळा आहे हे सांगणारा आणखी एक फॉर्म. त्याच्यापाशी लोक अडत आणि उठून जात. निवेदनात आम्ही हेच लिहिलं, एकाही विशेषणाशिवाय.

एक गोष्ट मात्र आधीच बजावून ठेवते. एफसीसीकडे दाखल केलेलं निवेदन सगळ्यांना वाचता येतं, आणि पाठवणाऱ्याचं नाव-पत्ताही त्यात दिसतो. विश्वासाने बोललेल्या माणसाची ओळख कळेल असं काही त्यात घालू नका. अमेरिकेत राहण्याच्या कागदपत्रांवाचून राहणारं एखादं कुटुंब तुमच्या चांगल्या हेतूमुळे उघडं पडू शकतं. माझ्या वहीत म्हणूनच नाव कोणाचंच नाही.

‘कम्युनिटीज ऑफ कलर’ला, म्हणजे गोरे नसलेल्या समाजांना, मराठीत काय म्हणावं, यावर मी बराच काळ अडले. ‘वर्ण’ म्हटलं की आपल्याला आधी चातुर्वर्ण्य आठवतं, आणि ते विसरून हे काम करताही येत नाही. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीयांनी ‘फ्रीडम्स जर्नल’ काढलं ते, आमची बाजू आता आम्हीच मांडू, या निर्धाराने. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला, त्याच्या नावातच तीच गोष्ट आहे. इथे मी ‘एशियन’ या रकान्यात बसते. त्याच रकान्यात जातीची उतरंडही सामावून जाते आणि दिसेनाशी होते. सिएटलच्या नगर परिषदेने २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. तो प्रस्ताव आणणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. आपल्याच मंडळींच्या गप्पांमध्ये या कायद्यावर नाकं मुरडली जातात तेव्हा मला फार वाईट वाटतं. रंगावरून होणारा भेद मोजायला निघालो, तर आपल्या घरातला भेद मोजू द्यायला हवा.

आता व्यवहाराचं. बहुतेक केंद्रीय सरकारी नोकऱ्यांसाठी अमेरिकी नागरिकत्व लागतं, तेव्हा एफसीसीतच नोकरी करायची असं मनाशी धरून येऊ नका. संस्था, विद्यापीठातली संशोधन केंद्रं, शहरांची ब्रॉडबँड कार्यालयं इथे वाव आहे. ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर काम करायची परवानगी, साधारण १२ महिन्यांची. आणखी २४ महिने मिळतात ते पदवी स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटात मोडत असेल तरच. पब्लिक पॉलिसीच्या काही पदव्या त्यात बसतात, काही नाही. पदवीचा कोड कोणता, हे प्रवेश घेण्याआधी विचारा. शिकत असताना बाहेर इंटर्नशिप करायची तर सीपीटी नावाची वेगळी परवानगी आधी. विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्था एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीबाहेर असतात. सगळ्याच ना-नफा संस्था मात्र लॉटरीबाहेर नसतात. विषयांमध्ये प्रशासकीय कायदा घ्याच, संख्याशास्त्र पक्कं करा. आणि आवडीचं एक डॉकेट, म्हणजे एफसीसीपुढच्या एका प्रकरणाची फाइल, निवडून नोटिशीपासून प्रतिनिवेदनांपर्यंत सगळं वाचून काढा. कंपन्यांचे वकील आयोगाच्या लोकांना भेटले की काय बोलणं झालं त्याचं टिपण दोन कामकाजाच्या दिवसांत दाखल करावं लागतं. ती टिपणं वाचून मला वर्गात कळलं नाही इतकं कळलं.

एसीपीचे पैसे संपले. ७ फेब्रुवारी २०२४ नंतर नवे अर्ज बंद झाले आणि १ जूनला योजनाच थांबली. २ कोटी ३० लाखांहून अधिक घरं तिच्यात होती. त्या आठवड्यात मी बाईंसमोर रडले. त्यांनी मला मार्था राइट यांची फाइल दिली. तुरुंगातल्या नातवाशी बोलायला फोनला अफाट पैसे पडतात म्हणून या आजीने २००३ मध्ये इतर कुटुंबांसह एफसीसीकडे अर्ज केला. २०१५ मध्ये त्या वारल्या. तुरुंगातल्या फोनचे दर वाजवी हवेत असा कायदा त्यांच्या नावाने झाला तो जानेवारी २०२३ मध्ये. फाइल देताना बाई एवढंच म्हणाल्या, “तुझी वही टाकू नकोस.”

वही टेबलाच्या खणात आहे. फोन आणि इंटरनेटच्या बिलात थोडी सवलत देणारी १९८५ पासूनची लाइफलाइन योजना अजून चालू आहे, आणि तिथेही ‘त्याच पत्त्यावर दुसरं कुटुंब’ हा फॉर्म आहे. येत्या शनिवारी मी पुन्हा त्याच वाचनालयात बसणार आहे.