कर्व्ह मॉनिटर घ्यायचाय? आधी सुतळी अन् खडू आणा

माझ्या खोलीतला ३४ इंची वाकडा स्क्रीन पाहून गेलेले पोट्टे आता फोन करून विचारून राहिले, भाऊ कोणता घेऊ, लिंक पाठव ना. लिंक नाही पाठवत बाप्पा, कारण पहिला मी स्वतःच चुकीचा घेतला होता. आता एकदाच सगळं लिहून टाकतो.

मी दारव्ह्याकडच्या एका खेड्यात राहतो, घरूनच एका ऑफिसचं टॅली-एक्सेलचं काम करतो अन् सांजच्याला त्याच स्क्रीनवर मॅच नाहीतर पिक्चर.

पहिले हे ठरवा की पाहणार कोण. कर्व्ह स्क्रीन असतो बरोबर मधात बसणाऱ्या एका माणसासाठी. आमच्या घरी मॅचच्या दिवशी चौघं दिवाणावर अन् दोघं दारात उभे, तर दारातल्या मोठ्या बाबांना अलीकडची कड दबलेली दिसते अन् रंगही फिके, ते म्हणते, "हे का आणलं बे, टीव्ही काय वाईट होता?" त्यांचं चूक नाही. २०१३ च्या आसपास वाकडे टीव्हीही निघाले होते, काही वर्षांत बाजारातून गेले. टीव्ही लांबून अन् घरभर मिळून पाहतात, तिथं त्या वाकाचा फायदा काय? तेव्हा घरच्यांसाठी घ्यायचा असेल तर सरळ ४३ इंची टीव्ही घ्या अन् इथंच थांबा.

एकट्यानं बसायचं असेल तर सुतळी काढा. खोक्यावर १५००आर, १८००आर, १०००आर असं लिहिलेलं असते. तो आकडा म्हणजे त्या गोलाची त्रिज्या, मिलिमीटरमध्ये. आकडा जितका लहान तितका वाक जास्त. दीड मीटर सुतळी घ्या, एक टोक फरशीवर खिळ्याखाली दाबा, दुसऱ्याला खडू बांधा अन् ८० सेंटिमीटर रुंद कमान ओढा. १५००आरचा ३४ इंची स्क्रीन वरून असाच दिसते, मधला भाग कडांपेक्षा साडेपाच सेंटिमीटरभर आत. एक मीटर सुतळीनं ओढली तर हाच खड्डा आठच्या वर जाते. मला आकडेमोडीला १५००आर बरा वाटला, १०००आरमध्ये एक्सेलच्या सरळ रेघाही वाकड्या भासत होत्या. गेम खेळणाऱ्याला उलट तोच आवडते.

आता माझी चूक. स्वस्त दिसला म्हणून ३२ इंची फुल एचडी कर्व्ह मागवला होता. इंच पाहिले, पिक्सेल नाही पाहिले. १९२० बाय १०८० इतकेच ठिपके ३२ इंचावर पसरले की एका इंचात जेमतेम ७० येतात, ८ अन् ६ मधला फरक कळेना, दुपारपर्यंत डोळे चुरचुरायचे. ३४ इंचाला ३४४० बाय १४४० असलं की इंचात ११० बसतात, अक्षर कसं कोरल्यासारखं दिसते. पण ३४ इंचातही २५६० बाय १०८० वाले विकून राहिले, फोटोत दोन्ही सारखेच दिसतात, हा आकडा वाचल्याशिवाय पैसे भरू नका. ३४४० रुंदीवर एक्सेल ए पासून साधारण एझेडपर्यंत एका नजरेत येते, आडवं सरकवणं बंद, माझा खरा फायदा हाच झाला. ४९ इंची पण असतो, म्हणजे २७ इंची दोन शेजारी ठेवल्यासारखा, पण तो १२० सेंटिमीटर रुंद, आपल्या टेबलावर ठेवला तर चहाचा कप खिडकीत.

टेबल मोजाच. डोळ्यापासून स्क्रीन ७०-८० सेंटिमीटर पाहिजे अन् स्टँडचे पाय मागेपुढे पसरतात, त्यामुळं ६० सेंटिमीटर खोलीच्या टेबलावर नाक स्क्रीनला लागते. अन् मातीच्या भिंतीत ब्रॅकेट ठोकायचा विचार मनातसुद्धा आणू नका.

मॅच १६:९ (रुंदी:उंची) मध्ये येते अन् हा स्क्रीन २१:९, म्हणून दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात, ३४४० मधले ४४०-४४० पिक्सेल वाया. घेतल्यावर खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडू नका. रुंद चौकटीतला पिक्चर मात्र काठोकाठ भरते, तेव्हा मजा येते. पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, बहुतेक कर्व्हमध्ये व्हीए प्रकारचं असते, त्यात काळा रंग चांगला गडद येते, पण काळ्यावर पटकन स्क्रोल केलं तर अक्षरामागे सावली ओढल्यासारखी दिसते. ओएलईडी, म्हणजे ठिपका-ठिपका स्वतःच उजळणारं पॅनल, दिसायला एक नंबर, पण दिवसभर टॅलीची तीच पट्टी एका जागी राहिली तर डाग बसायची भीती, कामासाठी मी नाही घेणार. एचडीआर ४०० (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवतो असा दावा) लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका, नावालाच असते.

लॅपटॉप जुना असेल तर एचडीएमआय १.४ वर ३४४० वाला स्क्रीन ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांच्या आसपासच चालते अन् माउस अडखळते. डिस्प्लेपोर्ट किंवा टाइप-सी असेल तर तेच वापरा. टाइप-सीवर चार्जिंगही होणार असेल तर वॅट पाहा, तुमच्या चार्जरवर ६५ लिहिलंय तर मॉनिटरनंही तितके दिले पाहिजेत.

आता आपल्याकडचं. लाइन गेली की लॅपटॉप चालू राहते, मॉनिटर बंद, म्हणून तो इन्व्हर्टरवर घ्या, जुन्या पंख्यापेक्षा कमीच खाते. बहुतेक मॉनिटरच्या कागदावर ४० डिग्रीपर्यंतच चालवा असं असते अन् मे महिन्यात आपल्या टिनाखाली त्याहून जास्त सहज होते. कुलर लावाल, पण कुलरचं तोंड स्क्रीनकडे नको, बोअरच्या खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार वाळून पांढरे ठिपके पडतात. ते नुसत्या ओलसर मऊ फडक्यानं पुसा, काचेचं निळं पाणी फवारू नका, वरचं कोटिंग जाते. दार पाठीमागे असेल तर स्क्रीनमध्ये अख्खं अंगण दिसते, टेबल फिरवा नाहीतर पडदा लावा.

घ्यायच्या आधी वॉरंटीत घरी येऊन पाहणार का, अन् तुमच्या पिनकोडवर येणार का, हे फोन करून विचारा, नाहीतर खोकं घेऊन यवतमाळ नाहीतर अमरावती गाठावं लागते अन् ते मोटरसायकलवर बसत नाही. आल्या आल्या खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा रंग लावून मेलेला, म्हणजे रंग न बदलणारा ठिपका शोधा. अन् थर्माकोलसकट खोकं वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर टाका. माझ्या पहिल्या खोक्यात आजीनं कोंबडी बसवली, मॉनिटर विकायला निघालो तेव्हा ती अजून अंड्यांवरच होती.