प्रोसेस चालू आहे का, या प्रश्नाची तीन उत्तरे

सिस्टिम प्रोग्रॅमिंग शिकू लागल्यावर स्वतंत्रपणे केलेले माझे पहिले काम वरकरणी दहा ओळींचे होते. पार्श्वभूमीवर चालणाऱ्या एका प्रोग्रॅमची एका वेळी एकच प्रत चालावी, म्हणून तो सुरू होताच आपला पीआयडी, म्हणजे चालू प्रोग्रॅमला (प्रोसेसला) ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेला क्रमांक, एका फाइलमध्ये लिहून ठेवत असे. नव्या प्रतीने तो क्रमांक वाचायचा आणि ती प्रोसेस अजून चालू असेल तर मुकाट्याने बाहेर पडायचे. युनिक्स घराण्यात यासाठी 'किल' या सिस्टिम कॉलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेल्या विनंतीला, शून्य हा सिग्नल (प्रोसेसला पाठवायची सूचना) देतात. नाव भयंकर असले तरी शून्य दिल्यावर कोणताही सिग्नल पाठवला जात नाही; प्रोसेस आहे का आणि तिला सिग्नल देण्याची आपल्याला परवानगी आहे का, एवढेच कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तपासते. मी लिहिले : शून्य परत आले तर प्रोसेस आहे, उणे एक आले तर नाही.

सगळ्या चाचण्या मी एकाच खात्यातून केल्यामुळे त्या अर्थातच यशस्वी झाल्या. पुढे पहिली प्रत एका खात्यातून आणि दुसरी वेगळ्या खात्यातून सुरू झाली, तेव्हा दोन्ही प्रती एकाच डेटा फाइलमध्ये लिहीत बसल्या. उणे एक आले की 'एररनो', म्हणजे अपयशाचे कारण सांगणारा संकेतांक, पाहावा लागतो, हे मला तेव्हा उमगले. त्यात 'ईएसआरसीएच' असेल तरच प्रोसेस अस्तित्वात नाही; 'ईपर्म' असेल तर प्रोसेस आहे, फक्त तिला हात लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. म्हणजे ज्याला मी अपयश समजत होतो, ते खरे तर होकारार्थी उत्तर होते. शिवाय एररनो लगेच जतन करावा, कारण मध्ये लॉग लिहिण्यासारखे किरकोळ काम केले तरी त्यातील मूल्य बदलू शकते.

फाइल रिकामी निघाली आणि वाचलेला पीआयडी शून्य ठरला, तर किलच्या दृष्टीने शून्य म्हणजे आपलाच प्रोसेस ग्रुप (आपल्यासह एकत्र धरलेल्या प्रोसेसेसचा गट), त्यामुळे उत्तर कायम 'आहे' असेच येते. म्हणून शून्य आणि ऋण आकडे आधीच बाद करावेत.

विंडोजवर हा कॉलच नाही. तेथे 'ओपनप्रोसेस'ने हँडल, म्हणजे त्या प्रोसेसपर्यंत पोहोचण्याचा दुवा, मागावे लागते. ते न मिळाल्यास चुकीचा क्रमांक देणारे 'गेटलास्टएरर' ८७ सांगत असेल तर तसा पीआयडी सहसा अस्तित्वात नसतो, आणि ५ सांगत असेल तर प्रवेश नाकारलेला असतो, म्हणजे प्रोसेस असते. मात्र हँडल मिळाले म्हणून प्रोसेस चालू आहे असे होत नाही, कारण कोणी जुने हँडल धरून ठेवले असेल तर संपलेली प्रोसेसही उघडता येते. एक्झिट कोड (प्रोसेस संपताना देते तो आकडा) २५९ आला की ती चालू आहे असे मानण्याची पद्धत आहे, पण एखादा प्रोग्रॅम स्वतःच २५९ देऊन संपला तर ही पद्धत फसते. त्यापेक्षा प्रोसेस संपण्याची वाट पाहणाऱ्या 'वेटफॉरसिंगलऑब्जेक्ट'ला शून्य मुदत द्यावी आणि 'वेट टाइमआउट' आला तरच चालू समजावे. पायथनवाल्यांनी तर अधिक जपावे : विंडोजवर शून्य हे कंट्रोल-सी या घटनेचेच मूल्य असल्यामुळे 'ओएस डॉट किल'ला शून्य देणे ही तेथे निरुपद्रवी तपासणी नसते.

एवढे करूनही लिनक्सवर झोंबी प्रोसेस, म्हणजे संपली तरी यादीत नोंद उरलेली प्रोसेस, 'आहे' असेच उत्तर देते, आणि पीआयडी पुन्हा वापरले जात असल्यामुळे तोच क्रमांक भलत्याच प्रोसेसकडे गेलेला असू शकतो. म्हणून पीआयडीसोबत प्रोसेस सुरू झाल्याची वेळही नोंदवावी. लिनक्सवर ती प्रोसेसेसची माहिती देणाऱ्या 'प्रॉक' फोल्डरमधील त्या प्रोसेसच्या 'स्टॅट' फाइलच्या २२व्या रकान्यात मिळते.

माझ्या त्या मूळ कामासाठी मी अखेर ही तपासणीच काढून टाकली आणि पीआयडीच्या फाइलवर 'फ्लॉक'ने कुलूप घेतले, जे प्रोसेस कशीही मेली तरी कर्नल सोडते. फक्त फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक) आपण सुरू केलेल्या चाइल्ड प्रोसेसकडे जाऊ दिला, तर तिच्यामुळे ते कुलूप अडकून राहते.